आदिवासी हस्तकला व तिचे संग्रहण : शहापूर–मुरबाड परिसर

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांत ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी इ. आदिवासी जमाती राहतात. ह्या जमातींनी दैनंदिन वापरासाठी घडविलेल्या वस्तू आणि त्या संग्रहालयांत जतन करण्याचे प्रयत्न ह्यांचा परामर्श प्रस्तुत नोंदीत घेतला आहे. महाराष्ट्रातील संग्रहालयांचा इतिहास बराचसा धातू, दगड व कोरीव लाकूड ह्यांचा इतिहास आहे. बांबू, कारवी, पाने, भोपळा व शेणमाती ह्यांच्या वस्तू त्यांत उशिरा आल्या व थोड्याच आल्या.

हा प्रदेश सह्याद्रीच्या पायथ्याशी असून शहापूर तालुका व त्याला लागून असलेला डोंगराळ मुलूख पूर्वी कोळवण ह्या नावाने ओळखला जाई. शहापूरमधून थळ (कसारा) घाटाची व मुरबाडमधून नाणेघाट आणि माळशेज घाट ह्यांची वाट देशावर जाते. सातवाहनकालीन कोरीव लेखांसाठी प्रसिद्ध असलेला नाणेघाट हा कल्याण बंदर व जुन्नर ह्यांना जोडणारा प्राचीन व्यापारी मार्ग होय. म्हणजे हा मुलूख दुर्गम असला, तरी एकाकी कधीच नव्हता. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या जत्रेत बैलांचा मोठा बाजार भरतो आणि घाटावरच्या लोकरीच्या घोंगड्या विक्रीस येतात. लोखंड, मीठ, कापड व घोंगडी बाजारातून घ्यावयाची आणि उरलेले बहुतेक सर्व जंगलातून आणून हाताने करावयाचे, अशी येथील आदिवासी कुटुंबाची जुनी रीत होती.

घरापासूनच ह्या कारागिरीला प्रारंभ होतो. डोंगरउतारावर दाट वाढणारी आणि साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून वाळून जाणारी कारवी ही भिंतींची मुख्य सामग्री होय. कारवीच्या सरळ काठ्या उभ्या ओळीने बांधून त्यांवर शेण व माती ह्यांचा गिलावा केला, की कुडाची भिंत तयार होते. ती पावसाळ्यात ओल शोषते, उन्हाळ्यात वारा खेळू देते व खराब झाली, तर तेवढाच भाग काढून नवा बसविता येतो. कुडाच्या घरात दुरुस्ती ही वर्षाच्या कामांपैकीच एक असते. त्यामुळे ‘जुने घर’ ह्या शब्दाला येथे शहरातल्यासारखा अर्थ नाही.

घरातील बहुतेक भांडीकुंडी बांबूची. टोपली, हारा, सूप, रोवळी, कोंबड्यांची डालगी, मासे धरण्याचे सापळे आणि धान्याची कणगी ह्या सर्वांचे मूळ तंत्र एकच आहे. कोयत्याने बांबू उभा चिरून कामट्या काढावयाच्या, त्या पातळ करून बेळ तयार करावयाचे आणि उभ्या कामट्यांतून आडवे बेळ एकाआड एक ओवीत न्यावयाचे. फरक पडतो तो विणीच्या घट्टपणात. रोवळीतून पाणी गळावे, पण तांदूळ गळू नये; सुपातून कोंडा उडावा, पण दाणा उडू नये; सापळ्यात मासा प्रवाहाबरोबर सहज आत शिरावा, पण आत वळविलेल्या टोकदार कामट्यांमुळे त्यास परत फिरता येऊ नये. हे प्रमाण मोजपट्टीने ठरत नाही, बोटांनी ठरते. कणगी तर विणून झाल्यावर आतबाहेर शेणमातीने सारवावी लागते. ह्या सारवणामुळे ओल व कीड ह्यांपासून भाताचे रक्षण होते.

बांबू तोडण्याची वेळ पाळणे ही ह्या कारागिरीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. पावसाळ्यात कोंब वाढत असताना बांबूत साखर व पिष्टमय द्रव्ये अधिक असतात आणि भुसा पाडणारे भुंगेरे त्यांवरच जगतात. म्हणून पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात, पक्व झालेला बांबू तोडावा असा प्रघात आहे. तोड वद्य पक्षात करावी, अशीही समजूत सर्वत्र आढळते. तोडलेला बांबू काही दिवस वाहत्या पाण्यात ठेवल्यास त्यातील पिष्टांश कमी होतो. पुढचे रक्षण चूल करते. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेली टोपली वर्षानुवर्षे धूर पिऊन काळी व चकचकीत होते आणि तिला कीड लागत नाही.

पावसाळ्यातील इरले हे ह्या प्रदेशातील कारागिरीचा उत्तम नमुना मानावयास हरकत नाही. विरळ विणलेल्या बांबूच्या दोन जाळ्यांमध्ये पळस किंवा साग ह्यांची पाने एकावर एक बसवून ते तयार करतात. ते डोक्यावरून पाठीवर कमरेखालपर्यंत येते. भाताच्या आवणीत वाकून काम करणाऱ्या व्यक्तीचे दोन्ही हात त्यामुळे मोकळे राहतात, ही गोष्ट छत्रीने साधत नाही. ह्या भागात पावसाचे मान २,००० मिमी.हून अधिक आहे व आवणी ऐन पावसात होते, हे लक्षात घेतले म्हणजे इरल्याची रचना किती नेमकी आहे ते कळते. पाने दरवर्षी बदलावी लागत. जाळी मात्र अनेक हंगाम टिके. प्लॅस्टिकचा कागद आल्यावर इरले फार थोड्या काळात मागे पडले. कागद हलका व स्वस्त होता आणि तो करण्यासाठी कोणाचे दोन दिवस खर्ची पडत नव्हते.

कातकऱ्यांचा इतिहास ह्याहून वेगळा आहे. खैराच्या लाकडाचे तुकडे पाण्यात उकळून, तो अर्क आटवून काथ तयार करणे हा त्यांचा मूळ व्यवसाय होता व जमातीचे नावही त्यावरूनच पडले, असे सामान्यतः मानले जाते. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमानंतर राखीव जंगलांतील तोडीवर कडक निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्याविरुद्ध मोठा असंतोष माजला. भातरोपांच्या वाफ्यावर डहाळ्या जाळून राब भाजण्यास अडथळा आला, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. ह्या तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला. शेतकऱ्यांच्या राबाची निदान चर्चा तरी झाली. काथ करणाऱ्यांच्या मागे शेतकऱ्यांइतके बळ नव्हते. कातकऱ्यांचा हा धंदा बसला आणि ते कोळशाच्या व पुढे विटांच्या भट्ट्यांवर मजूर म्हणून जाऊ लागले. काथ करण्याच्या कृतीत जी जाणकारी होती, ती वस्तुरूपाने कोठेच उरली नाही, कारण काथ ही खाऊन संपणारी वस्तू. संग्रहालयाच्या पद्धतीत बसू न शकणाऱ्या कौशल्याचे हे ठळक उदाहरण होय.

ह्याच कालखंडात मुंबई इलाख्यात हस्तकलांचे संग्रहण सुरू झाले. १८५१ साली लंडन येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात मुंबईहून कारागिरीच्या वस्तू पाठविण्यात आल्या. त्या निमित्ताने झालेल्या जुळवाजुळवीतून मुंबईच्या संग्रहालयाची कल्पना पुढे आली. जॉर्ज बर्डवुड (१८३२–१९१७) व डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांच्या प्रयत्नांनी उभारलेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय भायखळा येथे १८७२ मध्ये खुले झाले. १९७५ मध्ये त्यास डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव देण्यात आले. पुण्यात रे औद्योगिक संग्रहालय १८९० मध्ये स्थापन झाले. ते पुढे महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाऊ लागले. ह्या संस्थांचा हेतू औद्योगिक व व्यापारी होता. इलाख्यात कोणता माल होतो आणि त्यास कोठे गिऱ्हाईक मिळेल, हे दाखवावयाचे होते. साहजिकच जरीकाम, तांब्यापितळेची भांडी, चंदनाचे व हस्तिदंताचे कोरीवकाम, मातीची झिलईदार भांडी ह्यांना त्यांत मानाचे स्थान मिळाले. भायखळ्याच्या संग्रहालयात विविध जातिजमाती व व्यवसाय ह्यांच्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. तेथे माणूस नमुना म्हणून येतो, कारागीर म्हणून नव्हे. जे विक्रीसाठी केलेलेच नव्हते, त्याची अशा संग्रहात नोंद होण्याचे कारण नव्हते. ठाकराचे सूप मुंबईपासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर रोज वापरले जात होते, तरी ते ह्या दालनांत आले नाही.

त्या मानाने लेखी नोंद आधी झाली. जेम्स कॅम्बेल ह्यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये ठाणे जिल्ह्यावरील तेरावा खंड १८८२ मध्ये निघाला. त्यात येथील जमातींची घरे, पोशाख व उपजीविका ह्यांचे वर्णन आहे. त्याचा दृष्टिकोन प्रशासकाचा आहे व काही जमातींविषयीचे त्यातील शेरे आज वाचवत नाहीत, तथापि वस्तूंच्या तपशिलासाठी हा खंड अद्यापि उपयोगी पडतो. विसाव्या शतकात ह्या भागातील जमातींवर स्वतंत्र ग्रंथ झाले : अ. ना. वेलिंग ह्यांचा कातकऱ्यांवरील (१९३४), के. जे. सावे ह्यांचा वारल्यांवरील (१९४५) आणि ल. ना. चापेकर ह्यांचा सह्याद्रीतील ठाकूरांवरील (१९६०). ठाकूरांतील ‘क’ ठाकूर व ‘म’ ठाकूर हे दोन गट वेगळे ओळखणे वस्तूंच्या अभ्यासातही आवश्यक असते, कारण शेजारी राहूनही त्यांच्या चालीरीती सारख्या नाहीत.

वस्तूंच्या संग्रहाला महाराष्ट्रात खरी दिशा दोन ठिकाणी मिळाली. त्यांपैकी पहिला प्रयत्न एका व्यक्तीचा. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ह्यांनी १९२० च्या सुमारास पुण्यात जुन्या वस्तू जमविण्यास सुरुवात केली. अकाली निवर्तलेल्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहालयास ‘राजा’ हे नाव दिले व पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सु. २०,००० वस्तूंच्या ह्या संग्रहात दिवे, अडकित्ते, वज्री, कुलपे, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तूंचा भरणा आहे. अडकित्ता हीसुद्धा कलावस्तू असू शकते, हे महाराष्ट्रास केळकरांनी पटवून दिले. मात्र त्यांनी वाचविलेले घर प्रामुख्याने वाड्याचे, पितळी दिव्यांचे व कोरीव दरवाजांचे होते. कुडाच्या घरापर्यंत हा प्रवास क्वचितच पोहोचला.

दुसरा प्रयत्न शासकीय होता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर पुणे येथे १९६२ मध्ये आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली व तिच्या आश्रयाने आदिवासी वस्तूंचे संग्रहालय उभे राहिले. महाराष्ट्रातील निरनिराळ्या जमातींची अवजारे, दागिने, वाद्ये, मुखवटे, टोपल्या व शिकारीची साधने तेथे जमविण्यात आली आहेत. ह्या संस्थेचे संचालक राहिलेले गोविंद गारे (१९३९–२००६) हे जुन्नर तालुक्यातील, म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यावरच्या मुलखातील होते व स्वतः महादेव कोळी समाजातून आलेले होते. आदिवासी जीवनावरील मराठी लेखनात त्यांचा वाटा मोठा आहे. आपल्याच आजीच्या घरातील वस्तू काचेच्या कपाटात मांडण्याची वेळ ज्याच्यावर येते, तो तिच्याकडे निव्वळ नमुना म्हणून पाहू शकत नाही, हा फरक येथे पडला.

संग्रहालयात आल्यावर ह्या वस्तूंपुढे नव्या अडचणी उभ्या राहतात. धूर नाहीसा होतो व भुंगेरे येतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सु. ६५ टक्क्यांच्या वर राहिली, तर बुरशी धरते. फार खाली गेली, तर कामट्या आखडून वीण सैल पडते. तारपा हे वारल्यांचे फुंकवाद्य भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण व ताडाची पाने ह्यांचे असते. न वाजविता ठेवल्यास त्याचे सांधे सुकून ते निकामी होते. शिवाय संग्रहनोंदीत जमात, गाव व सामग्री एवढेच असते. करणाऱ्याचे नाव क्वचितच लिहिलेले असते. चित्रकाराचे नाव नसलेले तैलचित्र अपूर्ण मानले जाते. बांबूकामाच्या बाबतीत मात्र ही उणीव कोणाच्या ध्यानातही आली नाही.

ह्याला एक मोठा अपवाद घडला, तो वारली चित्रांचा. वारली शहापूर व मुरबाड तालुक्यांतही राहतात. परंतु चित्रकलेची ही घडामोड प्रामुख्याने त्यांच्या उत्तरेकडील डहाणू परिसरात झाली. लग्नप्रसंगी गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत व त्यात पालघट देवी रेखीत. लग्न झाले, की त्या चित्राचे काम संपे. चित्रकार भास्कर कुलकर्णी ह्यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकाच्या सुरुवातीस ही चित्रे कागदावर काढवून घेतली. त्यातून डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) हे नाव जगापुढे आले. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. वारली चित्रकलेस २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले. (त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी डहाणू नव्या पालघर जिल्ह्यात गेले, शहापूर व मुरबाड ठाणे जिल्ह्यातच राहिले.) कागदावर येताच हे चित्र टिकाऊ, सहीचे व विकाऊ झाले, आणि स्त्रियांच्या विधीतून ते बऱ्याच अंशी पुरुषांच्या व्यवसायात गेले. शहरातल्या लोकांस आदिवासी कला म्हणजे वारली चित्र असे वाटू लागले. टोपलीस असा कागद मिळाला नाही.

वस्तूबरोबर कौशल्यही जतन करण्याचा विचार इतरत्र झालेला आहे. स्वीडनमध्ये आर्थर हॅसेलियस ह्यांनी १८९१ मध्ये स्कान्सेन हे मोकळ्या आवारातील संग्रहालय उभारले आणि ग्रामीण घरे त्यांतील कामधंद्यांसह तेथे मांडली. फिनलंडमध्ये १९०९ साली हेलसिंकीजवळच्या सेउरासारी बेटावर त्याच धर्तीचे संग्रहालय सुरू झाले. फिनलंडचे राष्ट्रीय दर्जाचे हस्तकला संग्रहालय यूव्हॅस्कूला ह्या नगरात असून राष्ट्रीय पोशाखांचे केंद्रही त्याच्याशी संलग्न आहे. हे स्थान अर्थपूर्ण आहे. उनो सिग्नेउस (१८१०–८८) ह्यांच्या पुढाकाराने फिनिश भाषेतील पहिले अध्यापक विद्यालय ह्याच गावी १८६३ मध्ये निघाले व १८६६ पासून त्या देशाच्या प्राथमिक शाळांत हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा भाग झाला. तेथील संग्रहालयात येणाऱ्या मुलाने सुतारकाम वा विणकाम शाळेत स्वतः केलेले असते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयाचा संग्रह १९५६ पासून अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने सुरू झाला. १९७२ च्या ‘आशिया ७२’ प्रदर्शनासाठी बांधलेल्या निरनिराळ्या प्रांतांच्या झोपड्या त्यात पुढे समाविष्ट झाल्या आणि वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया ह्यांनी त्याच्या इमारतीचा आराखडा केला. देशाच्या निरनिराळ्या भागांतील कारागिरांना तेथे बोलावून प्रेक्षकांसमक्ष काम करण्याची सोय करण्यात आली, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

ठाणे जिल्ह्यात शाळेच्या मार्गाने असा एक प्रयत्न झाला होता. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे शिक्षणकार्य केले, त्यात बिया, पाने, शंख-शिंपले अशी परिसरातील सामग्रीच शैक्षणिक साधने म्हणून वापरली. पुढे आश्रमशाळांचा विस्तार झाला. शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही आहे. आश्रमशाळेने मुलांना अक्षर दिले, ही गोष्ट मोलाची. परंतु ज्या वयात मूल आजोबांजवळ बसून कामटी सोलायला शिकत असे, त्याच वयात ते वसतिगृहात राहू लागले, हेही तितकेच खरे.

कच्च्या मालाचा प्रश्न मात्र शाळा वा संग्रहालय ह्यांच्या हाती नव्हता. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणा (मोडकसागर) व त्यानंतर भातसा ही धरणे शहापूर परिसरात झाली आणि जंगलाचा व खोऱ्यातील जमिनीचा मोठा भाग पाण्याखाली अथवा राखीव क्षेत्रात गेला. कायद्याच्या दृष्टीने बांबू दीर्घकाळ ‘वृक्ष’ होता, म्हणून तो तोडणे व वाहून नेणे परवान्यावाचून गुन्हा ठरे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने त्यास गौण वनोपजात धरले आणि २०१७ मध्ये वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनेतर क्षेत्रातील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. टोपली विणणाऱ्यास आपल्या बांधावरचा बांबू निर्धास्तपणे तोडता यावा, ह्यासाठी एवढी वर्षे लागली. तथापि ज्यांना बांधच नाही अशा भूमिहीन कुटुंबांना, विशेषतः कातकऱ्यांना, ह्या दुरुस्तीचा फारसा उपयोग नाही. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. बांबू तोडण्याचा हंगाम नेमका ह्याच महिन्यांत येतो.